जांभळ्या पाणकोंबडीवर पारखलेली आठ बाय बेचाळीस

दुर्बीण घ्यायला गेलात तर ती कावळ्यावर बघून घेऊ नका. दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, समोरच्या कठड्यावरचा कावळा पकडायचा, "अरे वा, चोचीवरचे केससुद्धा दिसतायत" म्हणायचं आणि पैसे मोजायचे, असं बहुतेकांचं होतं. कावळा पडला काळा-करडा. त्याच्यावर कुठलीही काच पास होते.

माझा पेपर जरा कडक असतो. मी दुर्बीण पवईच्या तलावावर नेते आणि जलपर्णीत चरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीवर लावते. या पक्ष्याच्या अंगावर निसर्गाने हात सैल सोडून रंग ओतलेत. डोकं राखाडी, गळा आणि छाती मोरपिशीकडे झुकणारी निळी, पाठ जांभळी, चोच आणि कपाळावरची ढाल लालभडक, पाय गुलाबीसर तांबडे, आणि शेपटीखाली पांढराशुभ्र ठिपका. यातला एकही रंग काचेने खाल्ला किंवा पदरचा घातला, तर तो लगेच पकडला जातो. त्यात ही बाई उन्हात एक दिसते आणि ढगात दुसरीच.

दिवाळीनंतर फोर्टात बोरा बझारमधल्या एका दुकानातून मी साडेअकरा हजारांना जी आठ बाय बेचाळीस घेतली, ती या पेपरात पास झाली. पहिल्या वर्गात नाही, पण पास. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. एकाच कारखान्यातला माल वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या लावून विकला जातो. माझं मुलुंडला चष्म्याचं दुकान आहे, फ्रेमच्या धंद्यात हे रोज बघते, दुर्बिणीचंही तेच आहे. शिवाय खाली एक तक्रारही येणार आहे. तेव्हा नाव सोडा, आकडे आणि काच बघा.

आकड्यांचं आधी उरकते. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागा, सव्वापाच येतात. मागच्या काचेतून जी उजेडाची चकती बाहेर पडते तिचा हा व्यास. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखली की ही चकती काचेत तरंगताना दिसते. ती स्वच्छ गोल हवी. कडा कापल्यासारखी चौकोनी आणि करडी दिसली तर आतल्या प्रिझमची काच हलकी आहे, खाली ठेवा. दुकानदार बोलत असताना हे एवढं करून बघितलं तरी त्याचा सूर बदलतो.

भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे सव्वापाचातला बराचसा उजेड वायाच जातो. पण पाणपक्षी बघायचे पहाटे. तेव्हा बाहुली मोठी होते आणि तो उजेड कामी येतो. दहा बाय बेचाळीस घेतली तर हाच आकडा ४.२ वर येतो, चित्र हलतं जास्त, आणि दिसणारा टापू आक्रसतो. माझ्या दुर्बिणीतून हजार मीटरवरचा १२९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. वेतासारख्या उंच गवतात शिरणाऱ्या पक्ष्यासाठी ही रुंदी फार लागते. दहापटीत पक्षी मोठा दिसतो खरा, पण तो गवतात शिरून दुसरीकडून बाहेर आला की शोधत बसावं लागतं.

चष्मा असणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा, कारण हे कुठलाच विक्रेता सांगत नाही. तुम्हाला नुसता मायनस किंवा प्लस नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बीण लावा, फोकसचं चाक तो नंबर भरून काढतं. पण नंबरात सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याचा नंबर, असेल तर चाक काहीही करू शकत नाही. चष्मा लावूनच बघावं लागतं. मग डोळा काचेपासून लांब राहतो, आणि दुर्बीण त्या अंतरासाठी बनवलेली नसेल तर चित्राच्या कडा गायब होऊन भोकातून बघितल्यासारखं दिसतं. हे अंतर पंधरा मिलिमीटरच्या पुढे हवंच. माझ्या दुर्बिणीचं सतरा आहे. मला डाव्या डोळ्याला दीडचा सिलिंडर आहे, रबरी कप खाली फिरवून चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो. या एका गोष्टीसाठी मी हिला दहापैकी नऊ देईन.

पीडीचा मात्र लोचा आहे. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. दुर्बीण मधून मुडपून जास्तीत जास्त ५६ मिलिमीटरपर्यंत जवळ येते. माझ्या भाचीची पीडी ५४. तिला दोन्ही बाजूंनी काळ्या सावल्या दिसतात, ती वैतागते, आणि घरचे म्हणतात की हिला बघताच येत नाही. लहान मुलांसाठी घेणार असाल तर आधी चष्म्याच्या दुकानात पीडी मोजून घ्या. कुणीही फुकट मोजून देईल. मी तरी देते.

आता पवई. गणेश घाटाच्या बाजूने सकाळी उजाडता उजाडता गेलात तर जलपर्णीच्या कडेला या कोंबड्या हमखास असतात. (पाण्याच्या अगदी काठाला जाऊ नका. तलावात मगरी आहेत, आणि मगर बघायला दुर्बीण लागू नये अशी तिची अपेक्षा असते.) आधी आवाज येतो, कुणीतरी घोगऱ्या गळ्याने खोकल्यासारखा, मग पाठोपाठ चारपाच जणींचा कलकलाट. मी कप खाली केले, चाक अर्धा वळसा फिरवलं, आणि एक जण बरोबर मधोमध आली.

तिने जलपर्णीचा एक देठ चोचीत धरून झटक्याने उपटला. मग तो उजव्या पायात घेतला. लांबलचक बोटं देठाभोवती मिटली, पाय वर उचलला गेला, आणि पोपट पेरू धरतो तसा देठ धरून ती एका पायावर उभी राहिली. चोचीने वरची साल दोन-तीनदा ओढून काढली, आतला पांढरा गाभा खाल्ला, उरलेलं टाकून दिलं, दुसरा देठ. प्रत्येक पावलागणिक शेपटी वर उडत होती आणि तो पांढरा ठिपका दिसून जात होता. बोटांच्या सांध्यावरच्या खवल्या मला मोजता आल्या असत्या. अंतर पंचवीस-तीस मीटर असेल. चोच लाल दिसली, वीटकरी नाही. गळ्याचा मोरपिशी कुठे संपतो आणि जांभळा कुठे सुरू होतो ती रेघही समजली. मधल्या भागात रंगाची तक्रार नाही.

याच सकाळी सोसायटीतले एक काका सोबत होते, त्यांच्या गळ्यात रस्त्यावर घेतलेली लाल काचांची झूम दुर्बीण. त्या लाल काचांना भुलू नका. तो लाल रंग म्हणजे लाल उजेड बाहेरच्या बाहेर परतवून लावणारं कोटिंग. जो उजेड परत गेला तो डोळ्यापर्यंत येत नाही, म्हणून चित्र निळसर-हिरवट पडतं. काकांच्या दुर्बिणीतून मी तोच पक्षी बघितला तर चोच मातकट, ढाल मातकट, आणि सगळं अंग एकाच शाईत बुडवलेलं. काका म्हणाले, "माझी तर पंधरा ते साठ आहे, तुमची आठच?" मी म्हटलं, "काका, साठवर लावून त्या पक्ष्याचा पाय दाखवा मला." साठवर त्यांना पक्षीच सापडेना.

दुसरी परीक्षा पांढऱ्यावरची. काळोख्या पार्श्वभूमीवर पांढरा बगळा धरायचा आणि त्याच्या मानेच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसते का ते बघायचं. प्रत्येक रंगाचा उजेड काचेतून वेगळ्या कोनात वळतो, त्यामुळे हलक्या काचेत पांढऱ्याच्या कडा फाटतात. महागड्या दुर्बिणीत खास काच घालून हे आवरतात. माझ्यात ती काच नाही. मधोमध झालर जवळजवळ नाही, पण बगळा चित्राच्या कडेला सरकला की त्याच्या पाठीवर जांभळी किनार येते, पैठणीच्या काठाइतकी स्पष्ट. या किमतीत हे चालायचंच, पण कुणी "झालर बिलकूल नाही" म्हणून विकत असेल तर त्याला बगळा दाखवा.

खरं तर पांढरी पाणकोंबडीच मिळाली असती तर एकाच पक्ष्यावर दोन्ही पेपर उरकले असते. पाणकोंबडीचाच बांधा, तशीच लाल चोच आणि ढाल, आणि अंग पांढरं. अशी कोंबडी होती. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटरवर लॉर्ड हाव नावाचं बेट आहे, तिथे. तिचं शास्त्रीय नाव पॉर्फिरिओ अल्बस. आपल्या पवईवालीचं पॉर्फिरिओ पोलिओसेफॅलस. म्हणजे कुळ एक, आडनाव एक. पण त्या पांढरीवर आता कोण दुर्बीण पारखणार? तिची आता दोन कातडी उरली आहेत, एक व्हिएन्नाच्या संग्रहालयात आणि दुसरं लिव्हरपूलच्या.

मी तिच्याबद्दल वाचत गेले ते या झालरीच्या भानगडीतून. कारण तिच्या रंगावरून दोनशे वर्षं वाद चालू होता आणि तो वाद माझ्या धंद्यातला वाटला. १७८८ मध्ये ब्रिटिशांचं 'सप्लाय' हे जहाज नॉरफोक बेटाकडे जाताना लॉर्ड हाववरून गेलं. त्याआधी या बेटावर माणूस राहिल्याची खूण नाही. त्याच वर्षी कैदी घेऊन सिडनीला आलेल्या ताफ्यातली 'शार्लट', 'लेडी पेनरिन' आणि 'स्कारबरो' ही जहाजं सिडनी सोडून चीनकडे जाताना तिथे थांबली. 'लेडी पेनरिन'वर आर्थर बोज स्मिथ नावाचा डॉक्टर होता. त्याने डायरी लिहिली आणि चित्रंही काढली. जॉर्ज रेपर नावाच्या तरुण खलाशानेही या पक्ष्याचं चित्र काढलं. आणि या सगळ्या चित्रांत पक्षी एकसारखा नाही. कुठे तो नखशिखांत पांढरा, कुठे पांढऱ्यावर निळे डाग, कुठे बराचसा निळाच. पुढच्या अभ्यासकांनी मग तर्क लढवले. कुणी म्हटलं, नर निळसर आणि मादी पांढरी. कुणी म्हटलं, ही वेगळी जात नाहीच, साध्या जांभळ्या कोंबडीतल्या पांढऱ्या पडलेल्या काही जणी.

त्या काळात कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं की पिल्लं काळी असतात, मग निळसर राखाडी होतात आणि शेवटी पांढरी. २०१६ मध्ये हाइन व्हान ग्राऊ आणि ज्युलियन ह्यूम या दोघांनी जुनी चित्रं, वर्णनं आणि ती दोन कातडी पुन्हा तपासली आणि मांडलं की ही बेटावरची स्वतंत्र जात, आणि वय वाढेल तशी तिची पिसं रंग सोडत जायची. म्हणजे आपले केस पिकतात तसं. निळी, डागाळलेली आणि पांढरी हे तीन पक्षी नव्हतेच, एकाच पक्ष्याची तीन वयं होती. पवईतली पिल्लंही काळ्याच लवीची असतात, तिथवर दोघींचा रस्ता एकच. पुढे आमची निळी-जांभळी होऊन थांबते.

आता गंमत बघा. बोज स्मिथ आणि मंडळींना दुर्बीण लागतच नव्हती. पक्षी पायाशी होता. डॉक्टरने लिहून ठेवलंय की इथले पक्षी आमच्याभोवती बिनधास्त फिरत होते, मिनिटभर स्तब्ध उभं राहायचं आणि आखूड काठीने हवे तेवढे पाडायचे. 'शार्लट'चा कप्तान टॉमस गिल्बर्ट याने तर तिथल्या पक्ष्यांचे पाय मोडून त्यांना जवळ ठेवलं, त्यांचं ओरडणं ऐकून बाकीचे गोळा झाले आणि तेही हाती लागले, असं स्वतःच्या हाताने लिहिलंय. इतक्या जवळून बघून, इतके हाताळून, या लोकांचं पक्ष्याच्या रंगावर एकमत नाही. कारण तो रंग कळायला काच नाही, काळ लागत होता. एकच पक्षी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुणीतरी बघायला हवा होता, आणि तेवढी उसंत ना पाहुण्यांना होती ना पक्ष्याला मिळाली. १८३४ मध्ये बेटावर कायमची वस्ती झाली तेव्हा ही कोंबडी कुणाला दिसल्याची नोंद नाही.

दुर्बीण विकत घेताना आपण "किती लांबचं दिसतं" विचारतो ना, त्याची ही दुसरी बाजू. पवईची कोंबडी मला पन्नास पावलांच्या आत येऊ देत नाही. एक पाऊल जास्त टाकलं की मान वर, शेपटीचा झटका, आणि गवतात गडप. म्हणून माझे साडेअकरा हजार गेले. पण ज्या पक्ष्यासाठी दुर्बीण लागते तो पक्षी निदान धडधाकट आहे. दुरून डोंगर साजरे, तशी ही कोंबडी दुरूनच बरी, तिच्याही दृष्टीने.

बेटावरची इतकी बिनधास्त का झाली, तर तिथे वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणीच नव्हते. ना मुंगूस, ना मांजर, ना कोल्हा. पळायचं कुणापासून? उडायचे स्नायू पोसणं महाग असतं. जिथे गरज नाही तिथे पिढ्यान्‌पिढ्या ते आक्रसत जातात. ही कोंबडी बहुधा उडायचीच नाही, आणि उडाली असती तरी जाणार कुठे? बेट साडेचौदा चौरस किलोमीटरच्या आसपास. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तशी सात बेटं बसतील.

आणि आता आमच्या बाईंचे प्रताप. १९९० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये कुणाच्या तरी पिंजऱ्यांतून राखाडी डोक्याच्या पाणकोंबड्या सुटल्या, म्हणजे पवईवालीच जात. दलदल मिळाली, पसरल्या. स्थानिक पक्ष्यांना त्रास होईल म्हणून सरकारी यंत्रणेने २००६ ते २००८ मध्ये बंदुका घेऊन तीन हजारांवर मारल्या. काही उपयोग झाला नाही, शेवटी नाद सोडून दिला. तिकडे एक बहीण काठ्यांनी संपली, इकडे दुसरी बंदुकांना पुरून उरली. दिसायला लठ्ठ, पाय लोंबकळत ठेवून उडते, उडताना बघितलं तर वाटतं आत्ता पडेल, पण मैलोगणती जाते. देठ खाते, भात खाते, गोगलगाय खाते, दुसऱ्याच्या घरट्यातली अंडीसुद्धा सोडत नाही. गटाराच्या कडेला राहते. उरण, वसईकडच्या भातखाचरांत शेतकरी तिला शिव्या घालतात. तिला नाजूक म्हणायची चूक करू नये. आणि कळस म्हणजे लॉर्ड हाव बेटावर आता ऑस्ट्रेलियाकडची जांभळी पाणकोंबडी आपल्या पंखांनी उडत येऊन राहिली आहे. पांढरीची जागा रिकामी होतीच.

तिसरी एक नातेवाईक आहे, न्यूझीलंडची टाकाहे. तीही न उडणारी, तीन किलोच्या आसपास वजनाची. १८९८ नंतर दिसेना म्हणून संपली असं धरून चालले होते. १९४८ मध्ये जेफ्री ऑर्बेल नावाच्या डॉक्टरला ती दक्षिण बेटावरच्या मर्चिसन डोंगरांत सापडली. तेव्हापासून अंडी जपून, पिल्लं वाढवून, उंदरांसारख्या शिकारी प्राण्यांपासून मोकळ्या केलेल्या बेटांवर हलवून आज तिची संख्या पाचशेच्या आसपास आणली आहे. डोंगर उंच होते, माणसं कमी होती. लॉर्ड हाववर लपायला तेवढा आडोसा नव्हता.

असो. दुर्बिणीकडे येते. नाहीतर म्हणाल, बाईने काच सोडून कोंबडीच धरली.

आवडलं ते एवढं: चित्र मधोमध धारदार, रंग प्रामाणिक, दोन मीटरवरचं फुलपाखरूही फोकसमध्ये येतं, वजन साडेसहाशे ग्रॅम त्यामुळे तासभर गळ्यात असली तरी मान अवघडत नाही. फोकसचं चाक थोडं जड आहे. मला ते आवडतं, कारण धक्का लागून फिरत नाही. गवतातून बाहेर-आत करणाऱ्या लाजऱ्या पाणकोंबडीमागे धावताना मात्र बोट दुखतं. कडेचा पंधरा-वीस टक्के भाग मऊ आहे, वारकरी पक्ष्यांचा थवा बघताना कडेचे पक्षी पुसट येतात. बैठकीत बसून थवा मोजणाऱ्यांना हे खुपेल. मला एका पक्ष्यामागे लागायची सवय, मला चालतं.

न आवडलेलं. पट्टा रद्दी आहे. नायलॉनचा, कडा करकरीत, मे महिन्यात मानेला पुरळ आणणारा. पहिल्याच आठवड्यात काढून टाकला आणि जुन्या कॅमेऱ्याचा रुंद पट्टा लावला. पुढच्या काचांची टोपणं इतकी सैल की लोकलमधून उतरताना एक गेलं, कुठे गेलं ते घाटकोपरला विचारा. आणि तक्रार: डाव्या डोळ्याचा रबरी कप थोड्याच दिवसांत खाली घसरायला लागला. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर आधी फोटो पाठवा, मग बिल पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, मग "मॅडम, पूर्ण वस्तू दिल्लीला पाठवावी लागेल, कुरियर तुमचं". एका रबरासाठी! मी बोरा बझारला गेले. दुकानदाराने एक शब्द न बोलता ड्रॉवर उघडला, कुठल्याशा पडलेल्या दुर्बिणीचा कप काढला, बसवला, "आणखी काही, मॅडम?" म्हणाला. पैसे घेतले नाहीत. ऑनलाइन दीड हजार स्वस्त मिळत होती हे मला घेताना माहीत होतं. दुकानातून घेतली याचं समाधान तेव्हा वसूल झालं.

मुंबईत दुर्बिणीचा खरा वैरी धक्का नाही, बुरशी. सासऱ्यांची जुनी जर्मन दुर्बीण चामड्याच्या डब्यात कपाटात जपून ठेवलेली होती. उघडली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी, आणि ती कोटिंगमध्येच खोल गेलेली. चामडं ओल धरतं, त्यात दुर्बीण ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. नव्या दुर्बिणी आतून नायट्रोजन भरून बंद केलेल्या असतात, माझीही आहे, त्यामुळे आत दव धरत नाही. एसीतून एकदम बाहेर आल्यावर बाहेरच्या काचा धुकटतात तेवढंच. पण बाहेरच्या काचेवरही बोटाचा तेलकट ठसा राहिला तर पावसाळ्यात तिथूनच बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तरी काढून उजेडात ठेवणं, एवढं करा. पुडीतले दाणे रंग बदलले की मंद तव्यावर परतून पुन्हा वापरता येतात. काच पुसायला चष्म्याचं कापड चालेल, पण आधी फुंकणीने धूळ उडवा. पदराने पुसणाऱ्यांना मी दुकानातही ओरडते.

कुणी घ्यावी? पवई, भांडुप पंपिंग स्टेशन, ऐरोलीची खाडी असं फिरणाऱ्यांनी, चष्मा असणाऱ्यांनी, पहिलीच दुर्बीण घेणाऱ्यांनी, डोळे मिटून नाही पण डोळे तपासून जरूर. खाडीवर लांबचे फ्लेमिंगो आणि चिखलातले छोटे किनारी पक्षी एवढंच बघायचं असेल तर आठपट कमी पडेल, तिथे तिपाईवरची मोठी दुर्बीण हवी आणि तिचा खर्च वेगळा. आधीच चांगली आठ बाय बेचाळीस असेल तर हिच्यासाठी ती विकू नका. दहापैकी साडेसात. पट्टा बरा दिला असता तर आठ.

घेतल्यावर पहिल्या रविवारी सातच्या आत पवईला जा. दुपारी नको, पाण्यावरची गरम हवा हलते आणि चांगली काचही नापास वाटते. पाणकोंबडी सापडली की आधी चोच बघा, मग शेपटीखालचा पांढरा ठिपका चित्राच्या कडेला नेऊन झालर बघा. चोच वीटकरी दिसली तर बिल घेऊन सोमवारीच दुकान गाठा, बोरा बझार रविवारी बंद असतो.